हातदिव्याची निळी काच

मास्तरांना संशयाचं व्यसन होतं. त्यापेक्षा तंबाखू परवडली असती, असं त्यांची बायको म्हणायची. ती निदान खाणाऱ्यालाच बाधते.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. कापडगिरणीच्या रंगखात्यात त्यांनी जन्म काढला. गिऱ्हाइकानं पाठवलेली चिंधी आणि टाकीतून निघालेलं कापड खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायचं आणि ‘पास’ नाहीतर ‘नापास’ म्हणायचं, एवढंच काम. पण त्या एका शब्दावर मालाचे ट्रक सुटायचे किंवा दारातच अडायचे. पुढे रंग मोजायची मशीनं आली, तरी मालक शेवटी विचारायचाच, "मास्तर काय म्हणतात?" पांढऱ्याचे किती प्रकार असतात हे विचारून बघा, मास्तर तुमचं जेवण गार होईपर्यंत सांगत बसतील. तेव्हा स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा पुरता भरवसा होता, आणि बाकी कशावरच नव्हता.

निवृत्त झाल्यापासून तर सगळ्या जगानं त्यांना फसवायचा चंगच बांधला होता. पेपरवाले शाईत पाणी घालत होते, त्यामुळे अक्षरं दिवसेंदिवस फिकी निघत होती. बल्बवाले खोक्यावर एक छापून आत दुसराच बल्ब घालत होते. साबणवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. मास्तरांचे पांढरे शर्ट पार पिवळट पडले होते. बायकोचा निळा स्वेटरसुद्धा शेवाळी झाला होता.

"अहो, निळाच आहे तो," मास्तरीणबाई म्हणायच्या. गिरणीतल्या बायकांनी त्यांना ठेवलेलं हे नाव पुढे गल्लीनं उचललं होतं.

"दुकानदारानं तुला गंडवलं, आणि तू अजून त्याचीच बाजू घे!"

मास्तरीणबाई मग आपल्या कामाला लागत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे माणसाला कळतं.

मास्तरांना दुसरा नाद होता तो रेल्वेच्या जुन्या दिव्यांचा. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती दिव्यांनी भरल्या होत्या. सिग्नलच्या खांबावर बसायचे पत्र्याचे चौकोनी दिवे, डब्याच्या छतात अडकवायचे गोल दिवे, इंजिनाच्या कपाळावरचा एक धटिंगण दिवा, आणि गार्ड हातात धरून हलवायचा ते हातदिवे. "माणसांना टेकायला जागा नाही, आणि हे सगळे गाडी येईल म्हणून वाट बघत बसलेत," असं मास्तरीणबाई पाहुण्यांना सांगत.

या नादात मास्तरांना एकच सोबती होता, मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. सुट्टीच्या दिवशी हे मेहुणे-भाऊजी भंगाराची गोदामं पालथी घालायचे. ढीग उपसायचा, काही चमकलं की एकमेकांना कोपर मारायचं, आणि भंगारवाल्यासमोर मात्र काही विशेष नाही असं तोंड करायचं. असाच एकदा त्यांना तो हातदिवा सापडला. दोघांनी एकाच वेळी हात घातला होता. चिठ्ठी टाकली, आणि मास्तरांचं नशीब निघालं. घड्याळजी हसला खरा, पण परतीच्या वाटेवर दिवा त्यानंच मांडीवर घेतला होता. ती मांडी मास्तर विसरले नव्हते.

या दिव्याची मेख त्याच्या काचेत होती. वरचं टोपण फिरवलं की आतल्या काचा ज्योतीपुढून सरकायच्या: लाल, मग साधी, मग हिरवी. पण हिरवी म्हणायची तेवढीच. पूर्वी दिव्यात तेलाची ज्योत असायची, आणि ती पिवळी. तिच्यापुढे हिरवी काच धरली तर उजेड मळकट दिसतो. म्हणून जुने कारागीर काच निळसर करायचे. निळ्यात ज्योतीचं पिवळं मिसळलं की ड्रायव्हरला लांबून स्वच्छ हिरवं दिसायचं. पुढे वीज आली आणि काचा साध्या हिरव्या झाल्या. तेव्हा दिवसाउजेडी काच निळी दिसली तर दिवा अस्सल, आणि हिरवी दिसली तर कुणीतरी मागाहून बसवलेली. जुने दिवे जमवणारा माणूस दिवा हातात घेतला की आधी खिडकीकडे पळतो तो यासाठी.

मास्तरांच्या हातदिव्याची काच अशी निळी होती की तिच्यावर त्यांनी डोळे मिटून ‘पास’ म्हटलं असतं. फक्त टोपण फिरेनासं झालं, म्हणून त्यांनी तो दिवा घड्याळजीकडे दुरुस्तीला दिला.

आणि घड्याळजीनं तो ठेवूनच घेतला. आज देतो, उद्या देतो. आधी म्हणाला पेच मिळत नाही, मग म्हणाला दुकानात गर्दी आहे, मग आजारी पडला. वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी जुन्या टॉवेलात गुंडाळून दिवा घेऊन आला. टेबलावर ठेवला, टोपण फिरवून दाखवलं.

"बघा भाऊजी, लोण्यासारखं फिरतंय."

"चहा टाकते रे," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नको ताई, दुकान उघडं टाकून आलोय."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. बहिणीच्या हातचा चहा सोडून जाणारा हा माणूस नव्हे. एकदा ताप असताना चहासाठी आला होता. आणि बोलताना नजर कुठे होती त्याची? दिव्यावर, टेबलावर, चपलांवर, भाऊजींच्या तोंडावर मात्र नाही.

तो गेला आणि मास्तर दिवा घेऊन खिडकीशी आले. टोपण फिरवलं. लाल. साधी. हिरवी.

चक्क हिरवी. भाजीच्या पानासारखी हिरवी. निळ्याचा मागमूस नाही.

त्यांनी दिवा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि परत बघितलं. मग भिंगातून बघितलं. काचेला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक पेच नवा होता, त्याच्या डोक्यावर पेचकसाचा ओरखडा चमकत होता. टोपण फिरत नव्हतं तर टोपण काढायचं; काचेच्या पट्टीला हात लावायचं कारण काय?

"इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "ही काच कुठल्या रंगाची आहे?"

मास्तरीणबाईंनी ओले हात पदराला पुसत बघितलं. "निळी. हिरवट निळी. नेहमीसारखी."

"नीट बघ."

"बघितली की. निळी आहे."

"भाऊ तुझा, तू दुसरं काय म्हणणार!"

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा नवरा असता तर वरमला असता. मास्तर मात्र आता वाघाचा माग लागल्यासारखे उभे होते.

तिसऱ्या कुणाला दाखवावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. ज्यांच्या एका शब्दावर ट्रक सुटत होते, त्यांनी शेजाऱ्याला विचारायचं, की बाबा रे, हा रंग कुठला? छे! ते खडा टाकून बघायला म्हणून सरळ घड्याळजीच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक खोलगट पट्टी. पुढे काउंटर, त्यावर काचेच्या घुमटाखाली उघडी पडलेली घड्याळं, मागे लेथ, आणि वरच्या फळ्यांवर घड्याळजीचे स्वतःचे दिवे. घड्याळजी बँकेत गेला होता. शेजारचा टेलर म्हणाला, "बसा, येईलच." मास्तर बसले नाहीत. ते डोळ्यांत तेल घालून एकेक दिवा बघत सुटले. ही काच हिरवी. ही पण हिरवी. ती कोपऱ्यातली, जी दोघांनी मिळून शोधली होती आणि जिच्या निळेपणावर त्यांनी स्वतः शिक्का मारला होता, तीही हिरवी! आणि सगळ्यात वरच्या फळीवर, दुकान काढलं त्या वर्षी घेतलेला सिग्नलचा मोठा दिवा, ज्याला घड्याळजी दुसऱ्या कुणाला फडकंसुद्धा लावू देत नसे, त्याचा तर डोळाच काढला होता. काचेच्या जागी नुसतं गोल भोक. मास्तर खाली वाकले. लेथच्या मागच्या फटीत काचेची बारीक भुकटी साचली होती.

झालं. सगळं लख्ख समजलं. हा जुन्या निळ्या काचा काढून कुणाला तरी विकतोय आणि त्यांच्या जागी हिरव्या घासून बसवतोय. स्वतःच्या काचा संपल्या, आता भाऊजींच्या काचांवर हात मारला.

घरी येऊन त्यांनी भिंतीवरचे दिवे एकेक करून खिडकीशी नेले. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूकडे कोण निरखून बघतो? आज त्यांनी बघितलं. हिरवी. हिरवी. हिरवी. मागच्या वर्षी दोघं लेकीकडे गेले होते तेव्हा घराची किल्ली कुणाकडे होती? बायकोच्या भावाकडे!

"सगळे बदललेत," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "घर धुऊन नेलं तुझ्या भावानं."

"काहीतरीच काय! जरा विचार करून बोला हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आई गेल्यावर मला एवढं एकच माहेर आहे. ते काचेपायी मोडू नका. मी पाया पडते तुमच्या."

तोवर मास्तर हातदिवा उचलून, चपला घालून बाहेर पडले होते.

दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं होती. एक बाई सासऱ्यांचं खिशातलं जुनं घड्याळ घेऊन आल्या होत्या आणि ते रुमालातून सोडवून काउंटरवर ठेवत होत्या. मागे दोघं-तिघं उभे. मास्तरांनी हातदिवा त्या घड्याळाशेजारी आपटला.

"माझी काच कुठे आहे?"

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांच्या हिशेबी तो पांढऱ्यातला अगदी चोराचा पांढरा होता.

"भाऊजी, आत या. बसून बोलू."

"आत कशाला? इथेच बोल. ही काच निळी आहे का?"

"निळीच आहे, भाऊजी."

"या डोळ्यांनी जन्मभर रंग पारखलेत, आणि तू मला हिरव्याला निळं म्हणायला शिकवतोस? चोरलीस माझी काच! चोरलीस की नाही?"

"चोरली नाही," घड्याळजी म्हणाला. अजून काही बोलायचं असल्यासारखे त्याचे ओठ हलले. पण तो थांबला.

"आतला माल काढून भलताच बसवतो हा!" मास्तर मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घड्याळं देताना सांभाळून हो!"

घड्याळदुरुस्तीवाल्याला शिवी द्यायचीच असेल तर याहून मोठी शिवी नाही. माणूस बंद झाकणाचं घड्याळ देतो आणि बंद झाकणाचं परत नेतो. आत काय आहे ते फक्त दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक. सगळा धंदा त्या एका झाकणावर उभा असतो. त्या बाईंनी सासऱ्यांचं घड्याळ परत रुमालात बांधलं आणि पायरी उतरल्या. मागचे दोघंही घुटमळले आणि पांगले.

त्यानंतर घड्याळजी बहिणीच्या घरी आला नाही. मास्तरीणबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. स्वयंपाक केला, वाढलं, कपडे वाळत घातले, आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. विचारलं तर हो किंवा नाही. मास्तरांना वाटलं, येईल वळणावर. नाही आल्या. चहा दोन कपांचा व्हायचा, पण त्या आपला कप घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या.

मग एक दिवस त्याच पायरीवर मास्तरांचा पाय चुकला आणि घोटा सुजून भोपळा झाला. पायरी वाकडी बांधणाऱ्या गवंड्याचा त्यांनी उद्धार केला. पण भेटायला आलेल्या लेकीनं पायरी बघितली आणि बापाकडे बघितलं. "बाबा, पायरी जिथल्या तिथे आहे. तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली, आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलाय," डॉक्टर म्हणाले. "आधी उजवा करू, मग डावा."

मास्तरांनी त्यांच्यावरही संशय घेतला. निम्मा गाव याच्याकडून डोळे कापून घेतो, तेव्हा याला सगळीकडे मोतीबिंदूच दिसणार. पण लेकीपुढे काही चाललं नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा समोरची भिंत पांढरी होती. सायीची नव्हे, खडूची नव्हे. उन्हात वाळलेल्या मिठाची पांढरी. मास्तर त्या भिंतीकडे वेड्यासारखे बघत राहिले. मग दारात बायको दिसली. तिनं निळा स्वेटर घातला होता.

"हा कधी घेतलास?"

"तोच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

घरात शिरल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला, भिंतीवरून हातदिवा उतरवला आणि खिडकीशी धरला. टोपण फिरवलं.

निळी. तळ्याच्या खोल पाण्यासारखी निळी.

त्यांनी उजवा डोळा झाकला. हिरवी. डावा झाकला. निळी. उजवा. हिरवी. डावा. निळी. रंगखात्यातल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही. निळ्यावर पिवळं पडलं की हिरवं होतं. तेलाची ज्योत करायची ते काम आता त्यांच्या डोळ्यातला पिकलेला मोतीबिंदू करत होता. कुणी काही बदललं नव्हतं. शाई तीच होती, साबण तोच होता, आणि भिंतीवरचे सगळे दिवे निळ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "मी काय करून बसलो गं!"

मास्तरीणबाईंनी त्यांना पाणी दिलं. मग स्वतःच्या चपला घातल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "चला," त्या म्हणाल्या. "आत्ताच चला. उद्या तुम्हाला दुसरंच काही सुचेल."

दुकानात गर्दी नव्हती. घड्याळजी एकटाच लेथपाशी होता. बहिणीला बघून उठला, मागून भाऊजी आले तसा उभाच राहिला. मास्तरांनी हातदिवा या वेळी अलगद ठेवला.

"काच निळी आहे," ते म्हणाले. "मोतीबिंदू होता. चारचौघांत तुला चोर म्हणालो. चूक माझी होती. तू चोरली नव्हतीस."

घड्याळजीनं दिवा जवळ घेतला, टोपण फिरवून काच समोर आणली.

"भाऊजी," तो म्हणाला, "पण ही काच तुमची नाही."

मास्तरांनी वाकून काचेकडे बघितलं.

"टोपण अडकलं होतं, मी जोर लावला. तुमच्या काचेचे हातात दोन तुकडे आले. वर्षभर गोदामं धुंडाळली, तसली काच मिळेना. शेवटी," त्यानं वर बघितलं. वरच्या फळीवर सिग्नलचा मोठा दिवा तसाच फुटक्या डोळ्यानं बसला होता. "त्याची काच मोठी होती. कडेनं घासत घासत तुमच्या मापाची केली. रोज वाटायचं, आज सांगून टाकावं."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"तुमचा स्वभाव मला ठाऊक नाही का? फुटली म्हणालो असतो, तर फोडली म्हणाला असतात." त्यानं दिवा भाऊजींपुढे सरकवला. "आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत, चोरलीस का. फोडलीस का, असं विचारलं असतंत तर तिथल्या तिथे हो म्हणालो असतो."

मास्तरीणबाई दारातल्या स्टुलावर बसल्या आणि इतक्या महिन्यांचं रडू त्यांना तिथे आलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दुरुस्त झालेलं घड्याळ न्यायला आलं. घड्याळजीनं ते खणातून काढलं, आणि कुणी न सांगता चाकूच्या टोकानं मागचं झाकण उघडलं. घड्याळ गिऱ्हाइकापुढे धरून म्हणाला, "बघून घ्या. सगळं तुमचंच आहे." गिऱ्हाइकानं वाकून नीट बघितलं आणि मान हलवली. झाकण लागलं. माणूस गेला.

"हे कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"तेव्हापासून. उघडून दाखवलं नाही तर लोक ठेवून जात नाहीत."

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. गिरणीनं निरोप देताना दिलेलं, एकदाही न बिघडलेलं. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"याला तेलपाणी कर. उघडून दाखवायचं नाही."

"आता हाताला सवय झालीय, भाऊजी," घड्याळजी म्हणाला. त्यानं झाकण उघडलं आणि घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. "बघून घ्या."

मास्तरांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.

"लाव झाकण," ते म्हणाले.